कार्बोरेटरखालचं पॅकिंग

एकदा एका शिष्याला आपल्या गुरूच्या हातच्या कामाची लाज वाटली. तिथून ही गोष्ट सुरू होते.

गुरू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लगेच आश्रम, जटा आणि मृगाजिन उभं राहिलं असेल, तर ते कृपा करून आवरा. हे गुरू मोटारमिस्त्री होते. एका मोठ्या घाटाच्या पायथ्याशी त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. नाव बाबालाल, पण सारा मुलूख त्यांना वस्ताद म्हणे. जुन्या गाडीचा आजार ते नुसत्या आवाजावरून ओळखत. बोलणं मात्र कमी. ‘हे असं लाव’ एवढंच सांगायचे. तसं लावलं की गाडी चालायची. का लावायचं हे विचारायची कुणाची छाती होत नसे.

शिष्याचं नाव निवास. पोरसवदा म्हणाल तर तसं काही नाही. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. हात सुरेख, नजर तयार. वस्तादांच्या मागं दुकान तोच सांभाळणार हे सगळे धरून चालले होते, आणि तोही. खोड एकच. त्याला दिसणं फार लागे. इंजिन चालतंय की नाही यापेक्षा ते चकाकतंय की नाही, याकडं त्याचं लक्ष आधी जायचं. आपल्यापैकी कितीजण असेच आहेत, ते ज्याचं त्यानं बघावं.

त्याच मुलखात अप्पासाहेब नावाचे एक प्रतिष्ठित गृहस्थ राहत. वडिलांनी हौसेनं घेतलेली एक विलायती मोटार त्यांनी जिवापाड जपली होती. घरात तिला राणी म्हणत. राणीला हात लावायचा अधिकार एकट्या गुंडूमामांचा. गुंडूमामा हे वडिलांच्या वेळचे ड्रायव्हर. अप्पासाहेबांना गाडी शिकवली ती त्यांनीच, त्यामुळे मालक असूनही अप्पासाहेब त्यांना ‘अहो मामा’ म्हणत. शेत नाही, जमीन नाही. मामांची आयुष्यभराची कमाई म्हणजे लोकांच्या तोंडचं एक वाक्य. ‘मामांच्या हातात गाडी कधी बंद पडत नाही.’

दर वैशाखात घाटमाथ्यावर जुन्या मोटारींचा मेळावा भरे. जी गाडी कारखान्यातून आली तशीच राहिली असेल, तिचा तिथं मान मोठा. परीक्षक बॉनेट उघडून आतही डोकवायचे. त्या वर्षी मिरवणुकीच्या अग्रभागी राणीनं चालायचं ठरलं होतं. आणि नेमके त्याच सुमारास वस्ताद मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला मुलीकडं गेले. राणीला नटवायचं काम निवासवर आलं.

निवासनं बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण पुरवणारं भांडं. त्याच्या बुडाखाली काळ्या फायबरचं एक जाडजूड पॅकिंग बसवलेलं होतं. त्याच्याही खाली आडवा पत्रा. तो पत्रा शेंगतेलाच्या डब्याचा होता, आणि डब्यावरच्या शेंगेचं अर्धं चित्र अजून शाबूत होतं. राणीच्या पोटात शेंगतेलाचा डबा! हे सगळं वस्तादांनी फार पूर्वी कधीतरी बसवलेलं. परीक्षक हे बघणार, हसणार, आणि विचारणार, ‘हे कुठल्या कारखान्यातलं?’ नुसत्या कल्पनेनं निवासचे कान तापले. वस्तादांचं वय झालं, असं तो मनाशी म्हणाला.

त्यानं पत्रा काढून कोपऱ्यात टाकला. फायबरचं पॅकिंग काढलं आणि त्या जागी पातळ कागदी पॅकिंग घातलं. आता कार्बोरेटर खाली बसला आणि बोल्टांची टोकं वर उघडी राहिली. ती दिसायला वाईट, म्हणून लोखंड कापायची करवत घेऊन त्यानं तीही छाटली. मग कार्बोरेटर असा घासला की त्यात बघून भांग पाडता यावा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच, पण ते त्याला पुढं कळलं.

मेळाव्याच्या दिवशी राणी घाट अशी चढली की बघणाऱ्यानं बघत राहावं. मामांच्या चेहऱ्यावर ऊन आणि समाधान दोन्ही होतं. वर पोचल्यावर परीक्षकांनी बॉनेट उघडून बघितलं. ‘वा!’ म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या निवासची छाती फुगली. मग मामांनी इंजिन बंद केलं, कारण भाषणं सुरू झाली. आपल्याकडची भाषणं ती. पाहुण्यांची ओळखच एवढी लांबली की पाहुणे स्वतः घड्याळ बघू लागले.

अखेरीस मिरवणूक सुटायचा झेंडा वर गेला. मामांनी सेल्फ मारला. खर्र, खर्र, आणि पुढं काही नाही. पुन्हा मारला. पेट्रोलचा उग्र वास सुटला. निवास खिडकीशीच उभा होता, तो पुढं झाला, आणि त्याला कार्बोरेटरच्या आतून बुडबुड असा आवाज ऐकू आला, चुलीवरच्या आधणासारखा. त्याला शेंगेचं ते अर्धं चित्र आठवलं.

लोकांना काय, आयतीच करमणूक. “राणी रुसली गं बाई!” “धक्का मारा रे राणीला!” चारपाच पोरांनी खरंच धक्का मारत राणीला पाण्याच्या टँकरमागं नेऊन उभं केलं. बाकीच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढं गेल्या. अप्पासाहेबांचा चेहरा तांबडालाल झाला. सगळ्या गर्दीदेखत ते निवासवर गरजले, “काय झालं हिला? काय करून ठेवलंस?”

निवासनं आजूबाजूला बघितलं. मघाशी ‘वा’ म्हणणारे परीक्षक तिथंच होते. तो म्हणाला, “मामांनी चोक ओढला असेल. गरम गाडीला चोक ओढला की पेट्रोल सांडतंच.”

चोक म्हणजे गार इंजिनाला जादा पेट्रोल पाजणारं बटण. ते जागच्या जागी होतं. मामांचा हात तिकडं गेला नव्हता, हे खिडकीशी उभ्या निवासनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. पण ‘असेल’ हा शब्द फार सोयीचा आहे. खोटं बोलल्याचं पाप लागल्यासारखं वाटत नाही, आणि काम तर चोख होतं.

“मी न्हाई ओढला,” मामा म्हणाले.

“मामा, चावी द्या इकडं,” अप्पासाहेब म्हणाले. अहो नाही, काही नाही.

मामांनी चावी दिली. हात पुसायचं फडकं खांद्यावर होतं, ते घडी करून सीटवर ठेवलं आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. तासाभरानं राणी थंड झाली आणि एका सेल्फात सुरू झाली. अप्पासाहेबांच्या पुतण्यानं ती खाली आणली. झालं, सगळ्यांची खात्रीच पटली. दोष म्हाताऱ्याचाच. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

त्या रात्री निवास ताटावरून तसाच उठला. ‘मी नुसतं असेल म्हणालो,’ असं तो स्वतःला पुन्हा पुन्हा समजावत राहिला. तेवढ्यानं समजूत पटली असती तर मग काय हवं होतं!

चारआठ दिवसांनी वस्ताद परतले, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. ते आल्याचं कळताच अप्पासाहेब राणीला घेऊन दुकानात आले. मामांनाही त्यांनी बोलावून घेतलं होतं, सोक्षमोक्ष लावायला. मामा दाराशीच उभे राहिले, परक्यासारखे.

वस्तादांनी बॉनेट उघडलं. बोटानं बोल्टांची छाटलेली टोकं चाचपली. ताजा छाटलेला धातू लगेच कळतो. कोपऱ्यात पडलेल्या पत्र्याकडं त्यांनी एकदा बघितलं. निवास खाली मान घालून उभा होता. धरणी दुभंगेल तर बरं, असं त्याला झालं होतं. आता वस्ताद आपलं नाव घेणार, मग सगळंच बाहेर येणार.

वस्ताद म्हणाले, “अप्पासाहेब, कार्बोरेटरखालचं पॅकिंग या दुकानात काढलंय. त्यानं गाडी बंद पडली. चूक माझी हाय.”

“तुमची? तुम्ही तर गावातसुद्धा नव्हता!”

“नव्हतो. तरी माझी.”

कुणाला काही उमगेना. निवासला तर मुळीच नाही. अप्पासाहेबांचा मात्र बांध फुटला. चारचौघांत झालेली शोभा त्यांनी त्या वृद्ध माणसावर शब्दाशब्दानं उतरवली. “डोळे नीट करून आलात ना? मग दुकानात काय चालतं ते बघा आधी! हात थकले असतील तर कुलूप लावा. आमच्या वडिलांची वस्तू आहे ती, तुमच्या प्रयोगाला नाही दिलेली!” वस्ताद ऐकत राहिले. एक शब्द परत दिला नाही. बोलून बोलून अप्पासाहेब दमले, आणि मग जरा ओशाळून त्यांनी खिशातून चावी काढली आणि मामांच्या पुढं धरली.

मामांनी हात पुढं केला नाही. त्यांनी हळू आवाजात विचारलं, “आणि चोकचं काय, वस्ताद?”

पॅकिंगचा दोष ज्यांनी झटकन अंगावर घेतला, ते चोकवर अवाक्षर बोलेनात. निवासच्या जिभेवर शब्द आले, दातांपर्यंत आले, आणि तिथंच अडले. मामांनी थोडी वाट पाहिली. “राहू द्या चावी,” एवढं म्हणून ते पायीच निघून गेले. अप्पासाहेबही गाडी आणि चावी तिथंच ठेवून, धुसफुसत गेले.

गुरुशिष्य दोघंच उरले. निवासला राहवलं नाही. “वस्ताद, माझा दोष तुम्ही कशाला घेतलात अंगावर?”

वस्ताद म्हणाले, “इंजिन चालू कर.”

इंजिन बराच वेळ चालू राहिलं. वस्तादांनी त्याला कार्बोरेटरला बोट लावायला सांगितलं. कार्बोरेटर गार होता. मग इंजिन बंद करायला लावलं. दोघं जवळच स्टुलांवर बसले. चहा आला, संपला. “आता लाव बोट,” वस्ताद म्हणाले. निवासनं लावलं आणि चटका बसून मागं घेतलं. आतून तोच बुडबुड आवाज येत होता.

“बघितलंस?” वस्ताद म्हणाले. “इंजिनाचा धूर नेणारा नळ खाली तापलेला, आणि हा बिचारा त्याच्या डोक्यावर बसलेला. गाडी चालू हाय तवर याच्यातनं ताजं पेट्रोल वाहतंय, आलेली धग घेऊन जातंय. गाडी थांबली की पेट्रोल थांबलं. नळ मात्र तापलेलाच. त्याची धग वर येती, आणि ती वाहून न्यायला याच्यापाशी काही उरत न्हाई. मग हा उकळतो, आणि लोक म्हणत्यात, कार्बोरेटर वाईट. त्याची आग न्हवतीच ती. म्हणून मधी पॅकिंग घालायचं. पॅकिंग तसं काही करत न्हाई. आलेलं पुढं जाऊ देत न्हाई, एवढंच.”

वस्तादांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“घाटावर लोक हसले. अप्पासाहेब तापले. त्यांनी ते तुला दिलं, तू मामांना दिलंस. मामांनी कुणाला द्यावं, सांग बरं? त्यांच्या पुढं कुणी न्हवतं.”

“म्हणून आज तुम्ही मधी उभं राहिलात,” निवास म्हणाला. “माझ्यासाठी.”

“छट्! तुझ्यासाठी कशाला? तुझा दोष मी घेतलाच न्हाई. पॅकिंग लाव म्हणून मी तुला इतक्यांदा सांगितलं, पण का लावायचं ते एकदाबी सांगितलं न्हाई. एखादी वस्तू का लावलीय ते ठाऊक नसलं की माणूस ती पहिल्यांदा काढून टाकतो. ती चूक माझी. माझी मी सांगितली, आणि तिच्यापायी जे ऐकायला लागलं ते ऐकलं.” ते उठले. “चोकचं मी बोललो न्हाई. ती माझी न्हवती.”

एवढं बोलून वस्ताद हात धुवायला गेले. निवासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या, कानफटात दिली असती, तर सोसलं असतं. पण त्यांनी दोन चुका भाकरीसारख्या मोडून वेगळ्या केल्या होत्या, आपला तुकडा उचलला होता आणि त्याचा त्याच्यापुढं ठेवला होता. आता तो उचलल्यावाचून सुटका नव्हती.

ऊन उतरायच्या आतच निवास मामांच्या घरी गेला. मामा ओसरीवर बसले होते. निवासनं त्यांचे पाय धरले आणि एका दमात सांगून टाकलं. पॅकिंग मी काढलं. चोक तुम्ही ओढला नव्हता, मी बघितलं होतं. मी खोटं बोललो. रडूही आलं त्याला. आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यात थोडी सुटकाही होती. आता मामा पाठीवरून हात फिरवतील, ‘जाऊ दे रे’ म्हणतील, आणि हे ओझं उतरेल, असं त्याला वाटलं. माणूस क्षमा मागायला जातो तेव्हासुद्धा आपली सोय बघूनच जातो.

मामांनी हात फिरवला नाही.

“मला सांगून काय उपेग?” ते म्हणाले. “मी चोक ओढला न्हवता, हे मला ठाऊकच हाय की.”

निवासनं पाय सोडले आणि वर बघितलं.

“माझी सून आली होती त्या दिवशी घाटावर,” मामा आत स्वयंपाकघराकडं बघत म्हणाले. “लग्नाला वरीस न्हाई झालं. सासरा राणी कशी चालवतो ते बघायचंय, म्हणून हट्ट करून आली. नवी साडी नेसली होती. तिच्यादेखत माझ्या हातातली चावी काढून घेतली. तवापासनं पोरगी मला ताट वाढती ती खाली मान घालून. डोळ्याला डोळा देत न्हाई. मी लाजंन, असं तिला वाटतंय. मी तिला काय सांगू? माझी चूक न्हवती म्हणून? असं म्हातारं माणूस म्हणलं की कोण खरं धरतंय?”

निवास ओसरीवरून उठला. त्या घरात तो कधी माजघराच्या पुढं गेला नव्हता. परक्या घरातल्या, आपल्याहून कितीतरी लहान असलेल्या बाईसमोर उभं राहून ‘मी खोटं बोललो’ म्हणायचं, हे मामांचे पाय धरण्याहून फार अवघड होतं. पाय धरताना निदान मान खाली घालता येते. स्वयंपाकघराच्या दाराशी तो थांबला. ती भाजी चिरत होती. दचकून उठली आणि तिनं पदर सावरला.

“वहिनी,” तो म्हणाला, “मी निवास. वस्तादांच्या दुकानातला. घाटावर मामांचं नाव मीच घेतलं होतं. ते खोटं होतं. गाडी माझ्या हातानं बिघडली होती. मामांची काडीचीसुद्धा चूक नव्हती, हे मला तेव्हाच माहीत होतं.”

ती त्याच्याकडं बघत राहिली. रागानं बघितलं, चांगलं रोखून बघितलं. निवासनं नजर वळवली नाही. तेवढं तरी आपण देणं लागतो, असं त्याला वाटलं. मग तिचे डोळे भरून आले. ती त्याला ओलांडून ओसरीवर गेली, आणि इतक्या दिवसांनी सासऱ्याकडं सरळ बघत म्हणाली, “मामंजी, मला वाटलंच होतं! तुमच्या हातनं असं व्हायचंच न्हाई.”

मामांनी मान दुसरीकडं वळवली. धोतराचा सोगा डोळ्यांना लावला आणि मोठ्यानं म्हणाले, “बरं बरं. च्या ठेव जा दोन कप.”

चहा आला. कप खाली ठेवत मामांनी विचारलं, “अप्पासाहेबांना सांगितलंस?”

“आता तिकडंच निघालोय.”

“ते लई बोलतील तुला.”

“बोलू द्या.”

“आणि मेळाव्याची माणसं?”

“एकेकाला गाठून सांगतो. भेटतील तशी.”

मामांनी त्याच्याकडं नीट निरखून बघितलं. “सकाळी येतो दुकानात,” ते म्हणाले. “पॅकिंग बसवलंस की घाटात फिरवून आणू. आणि ते का बसवायचं असतंय, ते मलाबी सांग. मीबी कधी विचारलं न्हाई.”

निवास रस्त्याला लागला. अप्पासाहेबांचं घर समोर दिसत होतं, आणि तिथं काय वाढून ठेवलंय याची त्याला पुरती कल्पना होती. लाज काही गेली नव्हती. ती होती तेवढीच होती, चांगली चटके देत होती. पण आता ती त्याची त्याच्यापाशी होती, दुसऱ्या कुणाच्या अंगावर नव्हती.